घराची आग आणि जळिताचा हक्क

वसंतातल्या व्याख्यानांना काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शोभतात, आणि त्यांवर बोलणारे विद्वानही पुष्कळ आहेत. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचन झाले, ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहता पाहता. कायद्याची पुस्तके आम्ही हौसेने वाचली नाहीत, गरजेने वाचली. म्हणून आजचा विषयही गरजेचाच घेतला आहे. घराला आग लागू नये म्हणून काय करावे, आणि लागलीच, तर भाजलेल्या माणसाचा कायद्याने कोणावर काय हक्क पोहोचतो, हा तो विषय.

हे दिवसही आगीचेच आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ह्या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले. ती आग विझवताना अग्निशामक दलाचे साठांहून अधिक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात भाषणे होतात, फलक लागतात. परंतु माणसे भाजतात ती बहुतांशी गोदीत नव्हे, आपल्याच स्वयंपाकघरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात.

आम्ही ह्या विषयाकडे वळलो ते एका चुकीमुळे, आणि ती चूक आमची होती. बरीच वर्षे झाली. आमच्या यंत्रमाग कामगारांपैकी एकाच्या घरी पहाटे गॅसचा भडका उडाला. नवराबायको दोघेही भाजले. आम्ही रात्रंदिवस इस्पितळात होतो. रक्त, औषधे, डबे, वर्गणी, कशाला म्हणून कमी पडू दिले नाही. तिकडे दुसऱ्याच दिवशी गॅस एजन्सीचा माणूस येऊन टाकी, रेग्युलेटर आणि नळी 'तपासणीसाठी' घेऊन गेला. पावती कोणी मागितली नाही. शेजाऱ्यांनी चांगुलपणाने घर झाडून, सारवून स्वच्छ केले. पंचनाम्यात आगीचे कारण 'अज्ञात' असे पडले. चार महिन्यांनी भरपाईची गोष्ट निघाली, तेव्हा उत्तर आले की आग गॅसने लागली ह्याला पुरावा काय? आमच्यापाशी पुरावा नव्हता. बाई वाचल्या, पण त्यांचा उजवा हात कोपरात कायमचा आखडला. त्यांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. पण एवढे कळले की आग विझली म्हणजे काम संपले असे नाही. निम्मे काम तेथून पुढे सुरू होते.

प्रथम आग म्हणजे काय ते पाहू. आगीला तीन गोष्टी लागतात : जळणारा पदार्थ, हवेतला प्राणवायू आणि उष्णता. ह्यांतले एक काढून घेतले की आग मरते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे, म्हणजे प्राणवायू तुटतो. त्यात पाणी मात्र कदापि ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. ती पेटते तेल घेऊनच वर उसळते. अनेक गृहिणी तेलाच्या आगीने नव्हे, तर त्यावर टाकलेल्या तांब्याभर पाण्याने भाजल्या आहेत.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर खिडकीतून निघून जात नाही. जमिनीवर पसरतो, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. त्याला स्वतःचा वास नाही. आपल्याला जो उग्र वास येतो तो सूचनेसाठी मुद्दाम मिसळलेला असतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की मिश्रण पेटण्याजोगे होते, आणि मग विजेच्या बटणातली ठिणगीही पुरते. म्हणून वास आला की दिवा लावू नये, आणि चालू असलेला बंदही करू नये. बटण खाली गेले काय नि वर गेले काय, ठिणगी पडतेच. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्या, माणसे बाहेर काढावी, आणि बाहेर गेल्यावर १९०६ ह्या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा.

गॅसची नळी आय. एस. आय. शिक्क्याची, वितरकाकडून पावतीने घेतलेली असावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती बदलावी. स्वस्तातली नळी घेऊन काही रुपये वाचतात. पुढे भरपाईच्या वेळी तीच नळी आपल्या विरुद्ध साक्ष देते. टाकी घेताना तिच्या गळ्याजवळच्या पट्टीवरील अक्षर आणि आकडा वाचावा. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' आणि 'डी' त्यापुढचे तीन तीन महिने; आकडा सालाचा. टाकीची पुढची चाचणी केव्हा व्हायची ते त्यावरून कळते. ती तारीख उलटून गेलेली टाकी परत करावी.

विजेचे गणित सोपे आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निघणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. एकाच खोबणीत तीन तोंडांची पिन बसवून त्यावर शीतकपाट, इस्त्री आणि पाणी तापवण्याचा हीटर चालवणारा गृहस्थ भिंतीच्या आत शेगडीच पेटवत असतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. अलीकडे विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आल्या. त्यांची बॅटरी रात्रभर, सगळे झोपलेले असताना, आणि तीही दाराच्या वाटेवर भारित करायला लावू नये. तिने पेट घेतला तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

वाटेची गोष्ट निघालीच आहे, तर एक सांगतो. घराच्या आगीत पुष्कळ माणसे ज्वाळेने नव्हे, धुराने मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. धूर वर चढतो, म्हणून बाहेर पडताना जमिनीलगत रांगत जावे, मागे दार ओढून घ्यावे, लिफ्ट वापरू नये. चोराच्या भीतीने आपण सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या ठोकतो. त्यांपैकी एकीला तरी आतून उघडणारे दार ठेवावे, आणि त्याची किल्ली कोठे असते ते घरातल्या पोरालाही ठाऊक असावे. जिन्यात चपलांचे कपाट, जुनी गादी, मोडकी सायकल ठेवू नये. तो जिना सगळ्यांचा असतो.

आता माणूस भाजला तर. कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू नये. पळाल्याने वारा लागतो. जमिनीवर लोळावे, किंवा दुसऱ्याने जाड सुती चादर वा घोंगडी लपेटावी. मग भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ नको, तूप नको, हळद नको, दंतमंजन नको, शाई नको. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्यापूर्वी उतरवावी. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून माणसाला उबेत ठेवावे आणि १०८ क्रमांकाच्या गाडीने न्यावे. आगीसाठी १०१, आणि काहीच आठवले नाही तर ११२.

इस्पितळाच्या दारापासून हक्कांची सुरुवात होते. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे सांगून जळिताला परत पाठवता येत नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे. कायद्याचे सोपस्कार मागाहून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात शिधापत्रिका आणि ओळखीचा कागद घेऊन आरोग्यमित्राला त्याच दिवशी भेटावे.

माणूस उपचाराखाली गेला की घरच्या एकाने, आणि घरचे सगळे गोंधळलेले असतील तर शेजाऱ्याने, कागदांकडे वळावे. आमच्या पहिल्या चुकीनंतर आम्ही युनियनमध्ये नियमच केला की दोन माणसे इस्पितळात, एक माणूस जळक्या घरात. त्या घरातल्या माणसाची कामे अशी. पोलीस पंचनामा करीपर्यंत काही हलवू द्यायचे नाही. मोबाइलवर चारी बाजूंची छायाचित्रे घ्यायची. टाकीवरचा क्रमांक, नळीवरचा शिक्का, जळलेली खोबण, विजेचा मीटर ही जवळून. पंचनाम्यात वस्तूंची नावे आणि आगीचे दिसणारे कारण लिहिले गेले की नाही ते वाचूनच सही करायची. वस्तू कोणी तपासणीला नेली तर नाव, तारीख आणि सही असलेली पावती घ्यायची. अग्निशामक दलाचा अहवाल, पोलिसांकडच्या नोंदीची प्रत, इस्पितळाचे केसपेपर, औषधाची प्रत्येक पावती, हे सगळे एका पिशवीत. ही पिशवी म्हणजेच जळिताचा वकील समजावा.

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका सभासदाच्या घरी जवळजवळ तसाच अपघात झाला. ह्या वेळी जळकी नळी पंचनाम्यात आली, टाकी पावतीवर गेली. पैसे मिळायला वेळ लागला, खेटे घालावे लागले, पण मिळाले. दोन्ही घरे सारखीच गरीब होती, जखमाही सारख्याच होत्या. फरक होता तो एका पावतीचा.

आता भरपाई कोणाकडून? उत्तर आगीच्या कारणावर अवलंबून आहे. आग मुळात गॅसने लागली असेल, तर सरकारी तेल कंपन्यांनी सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरवलेला असतो. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे ह्या विम्यात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत (एका अपघातात मिळून ३० लाखांपर्यंत), आणि नोंदलेल्या पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीस २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. हे आकडे करारागणिक बदलू शकतात. अपघाताची खबर वितरकाला ताबडतोब लेखी द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. वितरकाने ती कंपनीला व कंपनीने विमेवाल्यांना कळवायची असते. येथे 'नोंदलेला पत्ता' हे शब्द ध्यानात ठेवावेत. घर बदलले पण गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलला नाही, अशी शेकडो कुटुंबे आमच्या ओळखीची आहेत.

आग विजेच्या लोंबत्या तारेने लागली असेल, तर वीज पुरवणाऱ्यावर जबाबदारी येते. २००२ साली शैल कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जिवंत तारेने माणूस दगावला तर वीज मंडळ "आमची चूक नव्हती" एवढे सांगून सुटू शकत नाही. धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने तिची जबाबदारीही बाळगली पाहिजे. ह्याच तत्त्वाचा अधिक कडक अवतार १९८६ च्या डिसेंबरात, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील वायुगळतीनंतर, न्यायालयाने मांडला होता : धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला कसलीच सबब नाही. विजेच्या अपघाताची चौकशी सरकारी विद्युत निरीक्षकाकडून होते. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी.

शेगडी, हीटर, बॅटरी अशी वस्तूच सदोष असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बनवणारा आणि विकणारा ह्या दोघांकडेही भरपाई मागता येते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मागणी केवळ औषधाच्या बिलांची करू नये. बुडालेली मजुरी, पुढच्या शस्त्रक्रिया, आखडलेला हात, विद्रूप झालेला चेहरा, सोसलेले दुःख ही सर्व नुकसानच आहेत. अवयव कायमचा निकामी झाला असेल तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे.

कामावर असताना भाजले, तर १९२३ च्या कायद्याने मालकावर भरपाईची जबाबदारी टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि कामगाराच्या साध्या निष्काळजीपणाने हक्क बुडतही नाही. मालक पहिल्या आठवड्यात थोडे पैसे देऊन 'सर्व हिशेब पुरा' अशा कागदावर सही मागतो. पैसे घ्यावेत, पण त्या मजकुराखाली सही करू नये.

मोठ्या इमारतींसाठी महाराष्ट्रात २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे. आग विझवण्याची साधने चालू स्थितीत ठेवणे हे मालकाचे व वापरणाऱ्याचे काम आहे, आणि तसे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत व जुलैत घ्यावे लागते. आपल्या सोसायटीच्या सभेत रंगाच्या खर्चावर दोन तास वाद होतो. हे प्रमाणपत्र कोणी पाहिले आहे काय, असा प्रश्न एकदा विचारून पाहावा. भाडेकरूंना सांगायचे ते असे की, घर जळाले म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप जळत नाही. जागा जमिनीसह भाड्याने दिलेली असेल तर वरचे बांधकाम नष्ट झाले तरी भाडेपट्टा उरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खिमजी खटल्यात म्हटले आहे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी घराचा विमा उतरवावा. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ह्या नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांकडे मिळते. ज्यांची नाही त्यांनी तहसील कचेरीत मदतीचा अर्ज करावा. २०२२ ते २०२६ ह्या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत आगीचाही समावेश होता, आणि मृतांच्या वारसांना ४ लाख रुपयांची तरतूद होती.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण ती टाळली तर हे व्याख्यान खोटे ठरेल. 'स्टोव्हचा भडका उडाला' ह्या तीन शब्दांखाली आपल्या समाजाने पुष्कळ काही झाकले आहे. भाजलेली स्त्री बोलू शकत असेल तर तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे, सासर-माहेरची माणसे बाहेर ठेवून व्हावा, अशी मागणी कोणीही करावी. अशा जबाबाला मोल आहे. खरा व स्वेच्छेने दिलेला वाटला तर केवळ मृत्युपूर्व जबाबावर शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच नागपूरच्या खुशाल राव खटल्यात सांगितले. लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायची असते. शेजारी म्हणून आपण ऐकलेले भांडण तेव्हा गिळून टाकू नये.

एकट्याने हे सारे जमत नाही, हे आम्ही जाणतो. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसे गेली. आप्तांनी संघटना केली आणि पिढीभर खटला लढवला. २००३ साली उच्च न्यायालयाने भरपाई दिली; २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कमी करून वीस वर्षांवरील मृतांसाठी १० लाख आणि त्याखालील मुलांसाठी साडेसात लाख अशी ठरवली. रक्कम घटली, तरी चित्रपटगृहाच्या मालकाला आणि वीज मंडळाला जबाबदार धरले गेले, ते संघटनेमुळेच. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि मोठ्या आपत्तीत सापडलेले ह्यांना उत्पन्न न विचारता तेथे फुकट वकील मिळतो. त्या दाराची पायरी आपण फार कमी चढतो.

घरी गेल्यावर तीन कामे करावीत. नळीवरची मुदत वाचावी. गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता पाहावा. आणि रात्री अंधारात उठून बाहेर पडायचे झाले तर कोठून, ते घरातल्या सर्वांनी मिळून एकदा चालून पाहावे. पाव तासाचे काम आहे. त्या आखडलेल्या हाताच्या बाई आजही आमच्या सभेला येतात, आणि डाव्या हाताने आम्हांला नमस्कार करतात. तो नमस्कार घेताना हा पाव तास आम्हांला दरवेळी आठवतो.